आगाऊ श्रद्धांजली

"साहेब अजून गेलेले नाहीत," विक्रमदादा म्हणाला, "पण तयारी असलेली बरी."

एवढं बोलून त्याने खिशातला पांढरा रुमाल काढला आणि डोळे पुसले. डोळे कोरडे ठणठणीत होते. रुमालाला मात्र इस्त्री होती.

मी हातातला बिल्ला खाली ठेवला आणि त्याला स्टूल पुढे केलं. आमचं दुकान बार्शीत, स्टँडमागच्या गल्लीत. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. त्यात टेबल, टेबलावर मुंबईहून आणलेलं जुनं हातमशीन आणि भिंतीवर नमुन्याचे बिल्ले टोचलेला हिरवा कापडी फळा. ताई आणि मी, दोघी बहिणी मिळून छातीवर लावायचे बिल्ले करायचो. शाळेच्या संमेलनाला 'स्वयंसेवक', लग्नात 'वरपक्ष', निवडणुकीत उमेदवाराचं तोंड. चेहरा छापलेला गोल कागद पत्र्याच्या टोपीवर ठेवायचा, वर पातळ प्लॅस्टिकची चकती घालायची आणि मशीनचा दांडा जोरात खाली ओढायचा. कडा आत वळतात, मागून पिनेची चकती बसते, आणि घरच्यांनाही नकोसा झालेला माणूस परक्यांच्या छातीवर चढून बसतो. या धंद्याने मला माणसं ओळखायला शिकवलं. कुणाला आपला चेहरा केवढा मोठा हवा असतो, यावरून बरंच कळतं.

विक्रमदादाचे वडील म्हणजे तात्यासाहेब मोहोळकर. मोहोळकर शिक्षण प्रसारक मंडळाचे संस्थापक, अध्यक्ष, आणि जी जी खुर्ची रिकामी असेल तिचे धनी. शाळा, कॉलेज, डी.एड. कॉलेज, मुलींचं वसतिगृह आणि एक बंद पडलेली दूध डेअरी एवढा पसारा. आठवडाभर ते सोलापूरला दवाखान्यात होते, आणि डॉक्टरांनी नातेवाइकांना बोलावून घ्या म्हणून सांगितलं होतं.

"किती लागतील?" मी विचारलं.

"सगळ्या शाखांची पोरं, शिक्षक, कार्यकर्ते. अंत्ययात्रेत एक छाती रिकामी दिसता कामा नये. नंतर धावपळीत वेळ मिळत नाही हो. आमच्या काकांच्या वेळी साध्या काळ्या फिती पुरल्या नव्हत्या. किती लाजिरवाणं झालं."

"मजकूर?"

"भावपूर्ण श्रद्धांजली. मध्ये साहेबांचा फोटो, काळा-पांढरा. आणि खाली कोपऱ्यात..." त्याने पाकिटातून दुसरा फोटो काढून टेबलावर सरकवला. "हा माझा. हात जोडलेला."

मी फोटो पाहिला. हात जोडून तो गालात हसत होता.

"म्हणजे श्रद्धांजली दोघांना?"

"नाही, नाही! श्रद्धांजली साहेबांना. मी वाहणारा. तसं खाली लिहा ना, 'वारसा विचारांचा'."

तेवढ्यात आतला पडदा हलला आणि ताई बाहेर आली. माझी थोरली बहीण, कुंदा. हाताला खळ लागलेली, डोळे लाल. ती आतून सगळं ऐकत होती.

"दादा, सर बरे होतील," ती म्हणाली. "मी सोमवार धरलेत."

विक्रमदादाने तिच्याकडे पाहिलं. पडदा वाऱ्याने हलला की माणूस जसं बघतो, तसं. "होतील, होतील. सगळं चांगलंच होईल," तो म्हणाला, आणि मला विचारलं, "परवापर्यंत मिळतील ना?"

तो गेल्यावर ताई माझ्यावर धावून आली. "माले, जिवंत माणसाचे करणारेस तू हे?"

"मेलेला माणूस ऑर्डर द्यायला येत नाही, ताई."

"तुझ्या जिभेला काही हाड?"

"तुझ्या देवमाणसाचा मुलगाच घेऊन आला ऑर्डर. मी तर नुसती दांडा ओढणारी."

"मी त्यातलं एक अक्षर लिहिणार नाही," ताई म्हणाली आणि आत निघून गेली.

आमच्या बिल्ल्यांची अक्षरं ताई काढायची. फळ्यावर वळलेला हात तो. कारण ताई मास्तरीण होती. म्हणजे एके काळी होती. तात्यासाहेबांच्या मुख्य शाळेत ती सहा वर्षं चौथीला शिकवायची. कायम कधीच केलं नाही. दर उन्हाळ्यात घरी पाठवायचे आणि जूनमध्ये परत घ्यायचे. अशाच एका जूनमध्ये ती नवी साडी नेसून गेली, तर तिच्या टेबलाशी विक्रमदादाची मेव्हणी बसलेली. ताई बंगल्यावर गेली. व्हरांड्यात अर्धा दिवस बसली. तात्यासाहेब बाहेर आले आणि म्हणाले, "या वर्षी जरा अडचण आहे. पुढच्या जूनमध्ये बघू."

झालं. ताईने ते वाक्य देव्हाऱ्यात ठेवलं.

पुढचा जून गेला, त्याच्या पुढचा गेला. दर वर्षी तात्यासाहेबांच्या वाढदिवसाला ताई नारळ घेऊन बंगल्यावर जायची, रांगेत उभी राहून पाया पडायची, ते 'बघू, जूनमध्ये बघू' म्हणायचे आणि ही तरंगत घरी यायची. मोडनिंबच्या शाळेतून तिला बोलावणं आलं होतं. गेली नाही. "सरांना काय वाटेल?" लातूरचं एक स्थळ आलं, पोस्टातला माणूस, चांगला सरळ. नाही म्हणाली. लातूरला गेल्यावर सरांनी बोलावलं तर? बिल्ल्यांचा धंदा मी सुरू केला तेव्हा ती मदतीला बसली, पण कुणी विचारलं तर "तात्पुरतं आहे" असं सांगायची. मशीनला तर तिने हात लावला नाही. दांड्याने तळवे खरबरीत होतात, आणि उद्या वर्गावर खडू धरायचा!

मी तिला खूप बोलायचे. "तो म्हातारा सगळ्यांना जून दाखवतो. त्याच्या घरी बारा महिने जूनच असतो." ती म्हणायची, "तुला नाही कळायचं. सरांच्या लक्षात आहे सगळं." तिचा चेहरा तेव्हा असा काही उजळायचा, की मला तिची कीव यायची आणि रागही यायचा. कीव लवकर ओसरायची.

तर ते बिल्ले मी एकटीने केले. अक्षरं छापखान्यातल्या माणसाकडून जुळवून घेतली. मधोमध तात्यासाहेब, मोठ्या नाकाचे, गंभीर. आणि कोपऱ्यात त्यांचा वारस, कुणाच्या तरी बारशाला आल्यासारखा. दांडा ओढताना मला मजा वाटत होती, हे मी लपवत नाही. ताई आत भिंतीकडे तोंड करून जप करत होती. प्रत्येक वेळी मशीन कटकन वाजलं की तिचा जप थोडा मोठा व्हायचा.

बिल्ले हेडमास्तर कुलथे यांच्याकडे पोचते झाले. कुलथे म्हणजे मंडळाच्या पोत्यातला जुना बटाटा. त्यांनी खोकी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि वाट पाहू लागले.

दोनच दिवसांनी दुपारी शाळेत फोन आला. सोलापूरच्या दवाखान्यातून कुणीतरी काहीतरी सांगितलं, मागे रडारड चालली होती, लाइन खरखरत होती, आणि कुलथ्यांनी 'गेले' एवढं ऐकलं. कोण गेलं, कुठे गेलं, विचारायची त्यांना काय गरज! कपाट उघडलं. घंटा झाली. एकेका वर्गात शिक्षक खोकं घेऊन शिरले आणि पोरांच्या शर्टांवर तात्यासाहेब टोचत सुटले. अर्ध्या तासात सगळी शाळा रांगेने रस्त्यावर. पुढे कुलथे, हातात तात्यासाहेबांची तसबीर, तिला हार. 'तात्यासाहेब अमर रहे' ऐकू आलं तेव्हा मी दुकानात होते. ताई आत भाजी चिरत होती. तिने विळी तशीच टाकली आणि अनवाणी पळाली.

मी दुकान ओढून घेऊन तिच्या मागे गेले. चौकात ही गर्दी. ताई एका बंद टपरीच्या फळीला धरून उभी होती आणि ओक्साबोक्शी रडत होती. शाळेतल्या ज्या बायका तिच्याबरोबर शिकवायच्या त्या रांगेत चालल्या होत्या, आपसात बोलत. एकीने दुसरीला विचारलेलं मी ऐकलं, "उद्यापण सुट्टी असेल ना गं?" गावात त्या वेळी मनापासून रडणारी बाई एकच होती, आणि तिला तर त्यांनीच हाकललं होतं.

तेवढ्यात मंडळाचा शिपाई सायकल मारत आला. कुलथ्यांच्या कानाशी लागला. कुलथ्यांचं तोंड आधी पांढरं झालं, मग लाल झालं. गेलेले तात्यासाहेब नव्हते. शेजारच्या खाटेवरचा कुणी पेशंट गेला होता. तात्यासाहेबांनी डोळे उघडून कॉफी मागितली होती.

मग जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. 'अमर रहे' तोंडातल्या तोंडात विरलं. कुलथे तसबिरीचा हार ओढायला लागले, तो खिळ्यात अडकला. शिक्षक रांगांमध्ये घुसले आणि पोरांच्या छातीवरून बिल्ले उपटायला लागले. पोरं द्यायला तयार नाहीत. बिल्ला म्हणजे केवढी मोठी गोष्ट! कुणी खिशात घातला, कुणी दप्तरात, कुणी तोंडात. एका मास्तरांच्या बोटात पिन घुसली आणि ते चौकाच्या मध्ये बोट चोखत उभे राहिले.

ताई मात्र हसत-रडत माझ्या गळ्यात पडली. "बघ! मी म्हटलं नव्हतं?" त्या संध्याकाळी तिने गल्लीत पेढे वाटले.

पंधरवड्याने तात्यासाहेब परत आले. शाळेच्या मैदानावर मांडव, बँड, रांगोळ्या. विक्रमदादा वडिलांचा हात धरून उतरला, पुन्हा तोच इस्त्रीचा रुमाल. ताईने मला ओढत नेलं होतं. ती मांडवाच्या कडेला नारळ घेऊन उभी होती.

पहिलीतल्या एका पोरीने गुलाबाचं फूल द्यायचं ठरलं होतं. तिच्या आईने तिला नटवून थटवून आणलं होतं. परकर-पोलकं, वेण्यांना रिबिनी, आणि पोलक्यावर, नीट मधोमध, घासूनपुसून लावलेला माझा बिल्ला. त्या माउलीला वाटलं असणार, साहेबांचाच फोटो आहे, साहेबांच्या कार्यक्रमाला याच्यापेक्षा चांगलं काय.

तात्यासाहेब वाकले. फूल घेतलं. बिल्ल्याकडे लक्ष गेलं आणि खूश झाले. "अरे वा! आमचा फोटो! आणि काय लिहिलंय गं बाळ इथं? येतं का वाचायला?"

पोरगी हुशार होती. मान खाली घालून तिने उलट्या बाजूने वाचायला सुरुवात केली. "भा-व-पू-र्ण..."

"शाब्बास!"

कुलथ्यांनी बँडवाल्यांना खूण केली. बँडवाले बिड्या पेटवत होते.

"पुढे?"

"श... श..." पोरगी अडली.

तात्यासाहेब शिक्षणतज्ज्ञ. जोडाक्षराला अडलेलं मूल दिसल्यावर त्यांना राहवतं का? त्यांनी चष्मा लावला, तिच्याजवळ तोंड नेलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "श्र! श्रद्... धां... जली!"

मग बँड वाजायला लागला, आणि तोही लग्नातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत मोटार शिरली. गल्लीत मोटार मावत नव्हती, पण तात्यासाहेबांची मोटार वळायला कचरत नसे. मी मशीनपाशी होते. ताईने खिडकीतून पाहिलं आणि एकदम माझा हात पकडला.

"माले, सर आलेत. आपल्याकडे आलेत."

"बिल्ला बघायला आला असेल म्हातारा. आता आपली काही धडगत नाही."

"नाही गं. त्यांना काल मी दिसले मांडवात. त्यांनी पाहिलं माझ्याकडे." ती आत पळाली. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा शाळेत नेसायची तसली काठाची साडी नेसलेली होती, आणि केसांवरून ओला हात फिरवला होता. बाईचं वय तेव्हा चाळिशीकडे झुकलेलं, पण अशी उभी राहिली होती, जशी पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला आली आहे. मला तिच्याकडे बघवेना.

ड्रायव्हरने हात दिला आणि तात्यासाहेब आत आले. वाळले होते, पण नाक तेवढंच होतं. स्टुलावर बसले. ताईने वाकून नमस्कार केला. "सुखी राहा," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले.

"तो बिल्ला इथं झाला?"

"हो," मी म्हटलं. "विक्रमदादांनी सांगितला होता."

"आहे का एखादा?"

फळ्यावर नमुन्याचा लावलेला होता. मी काढून दिला. आता हा ओरडणार, निदान आवंढा तरी गिळणार, असं मला वाटलं. स्वतःचं मरण छातीवर लावायच्या मापात हातात आलं तर कुठल्याही माणसाला काहीतरी होईल. त्यांनी बिल्ला लांब धरला, जवळ धरला, चष्मा काढला, परत लावला.

"हा कोपऱ्यात कोण?"

"विक्रमदादा."

"कशाला?"

"वारसा विचारांचा."

"विचार?" तात्यासाहेब म्हणाले. "त्याला?" आणि मग त्यांनी बिल्ला टेबलावर ठेवून त्यावर बोट आपटलं. "आणि शिक्षणमहर्षी कुठंय? नुसतं 'तात्यासाहेब मोहोळकर'? उद्या कुणी म्हणेल, हा कोण, किराणा दुकानदार? आणि हा फोटो! आजारातून उठल्यासारखा दिसतोय मी. माझा फेटा बांधलेला फोटो आहे, रंगीत, सत्काराच्या वेळचा. तो पाठवतो. तो घाला."

मला आधी कळेचना. "कशावर घालू?"

"याच्यावर. नवीन करा. हे सगळे बाद. त्या गाढवाचा फोटो काढून टाका. श्रद्धांजली मोठ्या अक्षरात. वर शिक्षणमहर्षी. रंगीत. करून कपाटात ठेवा. कधी ना कधी लागणारच, तेव्हा मी नसेन बघायला, आणि हे लोक कसं करतील काही भरवसा आहे का?"

मी आयुष्यात खूप गिऱ्हाइकं पाहिली, पण मरणाचंही प्रूफ तपासायला आलेला हा एकटाच. हसू आवरायला मी मशीनचा दांडा घट्ट धरून ठेवला.

ताईचं याकडे लक्षच नव्हतं. ती हात जोडून उभी होती आणि वाट पाहत होती. शेवटी तात्यासाहेबांना तिचं उभं राहणं टोचलं असावं. त्यांनी टेबलावरचा कागद उचलला. कुठल्याशा संमेलनासाठी ताईने काढलेली अक्षरं होती त्यावर.

"हे कुणी लिहिलं?"

"मी, सर," ताई म्हणाली.

"छान अक्षर आहे." त्यांनी तिला प्रथमच नीट पाहिलं. आपादमस्तक. "किती शिकलीस?"

ताईचे हात जोडलेलेच राहिले. तिला प्रश्न कळलाच नाही बहुतेक.

"नाही ना शिकलीस?" तात्यासाहेब हळहळले. अगदी खरोखर हळहळले. "हेच आपल्या समाजाचं दुर्दैव. तुझ्यासारख्या मुली शिकल्या असत्या, तर मी माझ्या शाळेत शिक्षिका म्हणून घेतलं असतं. असं बिल्ले करत बसायची वेळ आली नसती."

मी तोंड उघडलं. ताईने हाताने मला थांबवलं. तिचा तो हात मला आठवतो.

"सर, मी तुमच्याच शाळेत शिकवायला होते," ती म्हणाली. "सहा वर्षं. मुख्य शाळेत. चौथी ब. तुमचा थोरला नातू माझ्या वर्गात होता. त्याला पाढे मी शिकवले. दर वर्षी तुमच्या वाढदिवसाला मी बंगल्यावर येते."

तात्यासाहेब गोंधळले नाहीत. अशी माणसं गोंधळत नाहीत. "हो का? असेल, असेल. अगं, किती बायका येतात, किती जातात." आणि मग उठता उठता, काठीवर भार देत, सवयीने, देवळातला पुजारी तीर्थ देतो तसं ते म्हणाले, "भेट मला. जूनमध्ये बघू."

ताई हसायला लागली.

मी तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. आधी नुसते खांदे हलले, मग तिने पदर तोंडाला लावला, मग पदरही सुटला. ती भिंतीला टेकली आणि पोट धरून हसली. डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसत हसली. ड्रायव्हर दारातून डोकावला. तात्यासाहेब कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे बघायला लागले. त्यांना कुणी आयुष्यात असं हसलं नसावं, निदान तोंडावर.

"काय झालं हिला?" त्यांनी मला विचारलं.

"मला काही झालं नाही सर," ताईच म्हणाली. श्वास सावरून ताठ उभी राहिली. वर्गावर उभी राहायची तशी. "तुमचं काम आम्ही घेणार नाही."

"म्हणजे?"

"तुमचा बिल्ला आम्ही करणार नाही. हा नाही, आणि फेट्याचाही नाही."

"कुणाशी बोलतेस कळतंय का?"

"मला कळतंय, सर. मी कोण ते तुम्हाला कळत नव्हतं." तिने टेबलावरचा बिल्ला उचलून त्यांच्या हातात दिला. "एवढा असू द्या. आता तुम्हाला बसायला जागा नाही इथं, आम्हाला कामं आहेत."

तात्यासाहेबांचं नाक लाल झालं. गावातल्या एकाही शाखेची ऑर्डर आम्हाला मिळणार नाही, हे त्यांनी ओरडून सांगितलं. बोलता बोलता खोकला आला. ताईने त्यांना पाणी दिलं. ते प्यायले नाहीत. ड्रायव्हरने धरून मोटारीत बसवलं, आणि मग ती मोटार त्या अरुंद गल्लीतून उलटी बाहेर काढायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ तात्यासाहेब काचेआड बसून समोर बघत राहिले आणि सगळी गल्ली त्यांच्याकडे बघत राहिली.

मी दार लावलं. मला वाटलं, आता ही कोसळणार. मी तिच्याजवळ गेले. माझ्याकडे तिला टोचायला हजार वाक्यं होती. सांत्वनाचं एक सापडेना.

"ताई," मी म्हटलं, "चहा टाकू?"

"टाक," ती म्हणाली. "आणि ऐक. लातूरला कृषी प्रदर्शन आहे ना? तिथं आपण का जात नाही?"

"तूच म्हणायचीस, बाहेरगावी नको."

"म्हणायचे." ती साडीच्या निऱ्या खोचत होती. "मूर्ख होते. तू बोलत होतीस ते ऐकू यायचं मला. पण तू बोलायचीस त्यामुळे उलट जास्त धरून बसायचे."

ते वाक्य मला लागलं. पण त्या दिवशी तिला सगळं बोलायचा हक्क होता, म्हणून मी मुकाट्याने स्टोव्ह पेटवला.

तात्यासाहेबांनी शब्द पाळला. मंडळाच्या सगळ्या शाखांनी आमच्याकडे पाठ फिरवली. त्यांच्या भीतीने गावातल्या इतर शाळांनीही फिरवली. पाच-सहा महिने असे गेले की मशीनवर धूळ बसली. विक्रमदादा एकदा येऊन "एक माफीचं पत्र द्या, मी साहेबांना समजावतो" म्हणाला. ताईने त्याला स्टूलसुद्धा दिलं नाही.

पण ती बाहेर पडायला लागली. लातूर, उस्मानाबाद, नांदेड. प्रदर्शनं, डॉक्टरांची अधिवेशनं, कॉलेजांची संमेलनं. मास्तरीण असल्याने तिला गर्दीला गप्प करता यायचं आणि आयोजकांना सुनावताही यायचं. गिऱ्हाइकाने वाकडा मजकूर आणला की ती लाल पेन काढून त्याचं शुद्धलेखन तपासायची, आणि लोक पैसेही द्यायचे आणि 'थँक्यू मॅडम'ही म्हणायचे. बिल्ले करायला आम्ही आणखी तिघी बायका ठेवल्या. "तात्पुरतं आहे" हे तिच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. बंगल्यावर ती गेली नाही. लग्न तिने केलं नाही, पण त्याचं कारण आता ती होती, तो म्हातारा नव्हता.

चार-पाच वर्षांनी तात्यासाहेब खरोखरच गेले. लाउडस्पीकर लावून रिक्षा फिरली, शाळा सुटल्या, दुकानं बंद झाली. पोरं रांगेने आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेली. छातीवर सोलापुरात केलेले बिल्ले होते. लांबून दिसले तेवढे दिसले. फेटा नव्हता, शिक्षणमहर्षीही नव्हतं. विक्रमदादाचा फोटो मात्र वडिलांच्या बरोबरीचा होता, आणि वाहणारा कोण, वाहिला जाणारा कोण, कळायला मार्ग नव्हता.

ताई तेव्हा परभणीला होती, जनावरांच्या डॉक्टरांच्या अधिवेशनात. मी कोपऱ्यावरच्या फोनवरून तिथल्या हॉलवर फोन लावला. तिला बोलावून आणायला वेळ लागला. मागे माइकवर कुणीतरी गोचिडांबद्दल बोलत होतं.

"ताई, तात्यासाहेब गेले."

पलीकडे गोचिडांवरचं भाषण संपलं, टाळ्या झाल्या.

"बरं," ती म्हणाली. "माले, इथं पिना कमी पडतायत. सकाळच्या एसटीत कंडक्टरजवळ एक खोकं दे."